न वाजलेली काडतुसं

आमचे शरणप्पा काका म्हणजे गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि घरात मुंग्यांची रांग दिसली तर कडेला चिमूटभर साखर टाकणारे. असल्या माणसाच्या घरात बंदूक आहे असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी एसटीत कंडक्टर होतो, आणि कंडक्टरला पगार मुळी संशय घेण्याचाच मिळतो. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर दाबून 'पाचवं लागलंय बघा' म्हणणाऱ्या बाया मी रोज बघत होतो. त्यामुळे काकांचं बिंग फोडलं ते मीच.

काकांचं औशात भांड्यांचं दुकान होतं, राहायला मात्र ते जवळच्या आमच्या गावातच. फुटकी घागर, चेपलेला तांब्या, कान तुटलेली परात लोक मोडीत आणून द्यायचे आणि त्या बदल्यात नवं भांडं न्यायचे. लातूरहूनही काका मोड उचलत. एकदा ते लातूरच्या स्टँडवर माझ्याच गाडीत चढले. पिशवी खाली टेकवली तर ठण्ण आवाज झाला. मी म्हटलं, लगेजचं तिकीट काढावं लागेल. नियम तो नियम, काका असो की मामा.

"मोड हाय रे मल्लिनाथ, भांड्याची मोड," असं म्हणत त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. फुकट्या प्रवासी नेमका असाच खिडकीबाहेर बघतो. औशाला गाडी रिकामी झाल्यावर मी पिशवी उघडायला लावली. वर दोन फुटके तांबे होते आणि त्यांच्याखाली काडतुसं. बोटाएवढी लांब, बुडाला अंगठ्याएवढी जाड, मानेत बाटलीसारखी निमुळती, आणि टोकाला शिशाची गोळी.

मी ओरडलो, "काका, ही गाडीत वाजली असती म्हणजे? पन्नास माणसं होती!"

"शंभर वर्सं वाजली न्हाईत, तुझ्याच गाडीत वाजायचा काय हट्ट धरत्यात?" काका म्हणाले. आणि लगेच आवाज खाली आणून, "तुझ्या काकूला सांगू नगंस."

त्या दिवशी मी त्यांचा पिच्छा सोडला नाही, तेव्हा घरी नेऊन त्यांनी बंदूक दाखवली. माळवदावरच्या खोलीत, कडब्याच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेली. हेन्री मार्टिन म्हणतात ती. चापाच्या खाली एक दांडी असते, ती खाली ओढली की मागचा ठोकळा खाली जातो, एक काडतूस आत सारायचं, दांडी वर घ्यायची. एका वेळी एकच गोळी. काकांनी सुरुवातीला तिला करडईचं तेल पाजलं होतं. ते वाळून डिंकासारखं चिकट झालं आणि दांडी हलेना. मग ते मशीनचं तेल वापरायला लागले. मला हे सांगताना एखाद्या म्हशीला चुकीची पेंड घातल्याचं सांगावं तसा त्यांचा चेहरा पडला होता.

हा नाद बहात्तरच्या दुष्काळात लागला. त्या साली लोकांनी घरातली पितळ मोडीत काढली आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी नेली. एका गावाहून आलेली घागर काकांनी तराजूत टाकली, तर आत काहीतरी खुळखुळलं. उपडी केली, तर काडतुसं पडली. पोलीस ॲक्शन होऊन रझाकारी संपली तेव्हा हत्यारं जमा करायची दवंडी फिरली होती, आणि भ्यालेल्या लोकांनी बंदुका विहिरीत लोटल्या होत्या, काडतुसं घागरींत घालून पुरली होती. चोवीस वर्षांनी ती अशी मोडीत निघाली. काकांनी ती भट्टीला पाठवली नाहीत. मग तशी दुसरी घागर आली, तिसरी आली. काही पातळ पत्र्याची, विडी वळावी तशी वळलेली. काही एकसंध पितळेची. गोळीला पातळ कागद गुंडाळलेला, तिच्यामागे मेणाची चकती. बुडावरचे शिक्के काका भिंगातून बघत आणि चिंचेने घासून लखलखीत केलेली काडतुसं रांगेत लावत.

मी विचारलं, रिकामी का ठेवत नाही, भरलेलीच का?

"वाजलेलं काडतूस मोडीत जातंय," ते म्हणाले. "न वाजलेलं म्हंजी कुणीतरी एक जण वाचला. त्यो कोण, त्येलाबी ठावं न्हाई, मलाबी न्हाई. पर वाचला."

मला हे तेव्हा वेडेपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर आवडलंही. आयुष्यात एक गोळी न झाडलेला हा माणूस त्या वाचलेल्यांचा जणू हिशेब राखत होता. काही काडतुसांना हिरवा गंज चढून ती चिरत, तेव्हा काका गोळी उपसून आतली काळी दारू मडक्यांत काढून ठेवत. तीही टाकवत नसे. मी म्हणालो, बंदुकीची दारू घरात ठेवू नका. ते म्हणाले, चुलीपासून लांब आहे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काकांकडे बघून पटायचं. माळवदाच्या खोलीला एक कुलूप होतं, त्यावर दुसरं आलं. कोणी ओसरीवर जास्त वेळ बसलं की हे बेचैन होत. कासाराच्या पोराने 'अप्पा, वर काय ठेवलंय' असं सहज विचारलं, तर त्याच्याशी महिनाभर अबोला. आणि असा माणूस दिसला की गाव काय गप्प बसतं? रत्नम्मा काकूंना वाटे, यांचं बाहेर दुसरं घर आहे आणि दागिने वर ठेवलेत. शेजाऱ्यांना वाटे गुप्तधन सापडलंय. मला तेवढं खरं माहीत होतं, आणि बंदूक दाखवतानाच काकांनी मला शपथ घातली होती.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला खेटे घालायचं बंद झालं म्हणून आम्हीही पेढे वाटले. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नव्या जीपा आणि काम दाखवायला उतावीळ झालेले नवे साहेब. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण त्या नऊ दिवसांतच विनापरवाना हत्यारं जमा करण्याचा हुकूम निघाला आणि औशात लाऊडस्पीकरवर पुकारला. मी काकांना म्हणालो, नेऊन द्या, जुनी वस्तू आहे, कुणी काही म्हणणार नाही.

"आन् ती कुण्या सायबाच्या बैठकीत भित्तीवर लटकंल. जमा करा म्हणत्यात, जमा कुठं होतंय ते कुणी सांगत न्हाई," काका म्हणाले. त्यांचा संशय सरकारपर्यंत पोचला होता. आमच्या घराण्यात संशय वंशपरंपरेने आहे, पण काकांनी त्यात नाव काढलं.

पुढे त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट समजणार नाही. घरामागे त्यांचं जुनं पेव होतं. जमिनीत खणलेली ज्वारीची कोठी ती, वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, त्यावर फरशी आणि माती. बहात्तरनंतर त्यात दाणा पडला नव्हता. काकांनी बंदूक, काडतुसं आणि दारूची मडकी त्या पेवात उतरवली. ओल लागू नये म्हणून तळाला कडबा अंथरला. बॅटरी घेऊन ते अधूनमधून आत उतरत, पुसपास करत, आणि वर येऊन फरशी लिंपत.

जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली आणि पाऊस रुसला. सलग रुसला. बोअर आटले, टँकर आला की घागरींची मारामारी, रेशनच्या दुकानात ज्वारी कधी आली नि कधी संपली ते दुकानदारालाच माहीत. अशा वेळी कुणीतरी काकांना पेवातून बाहेर पडताना बघितलं. मग काय विचारता! दुष्काळात जो माणूस पेव लिंपतो, त्याच्या पेवात ज्वारी असणारच. अप्पाने साठा केलाय, भाव चढायची वाट बघतोय, ही बातमी टँकरपेक्षा लवकर घरोघर पोचली. दुकानात गिऱ्हाईक येईना. रत्नम्मा काकू पाण्याला गेल्या की बाया बोलायच्या थांबत.

सरपंच किशनराव वाईट माणूस नव्हता. स्वतःची बैलजोडी छावणीत बांधून रोज लोकांसाठी तहसीलला खेटे घालायचा. पण भुकेल्या गावाचा सरपंच तो, त्याला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्याने ठरवलं, चार पंचांसमक्ष पेव उघडायचं. काका म्हणाले, रिकामं आहे. किशनराव म्हणाला, "रिकामं हाय तर उघडाय काय हरकत हाय, अप्पा?" 

पेव उघडायला भीमाला बोलावलं. विहिरीचा गाळ असो की पेव, आत उतरायचं काम आसपासच्या गावांत भीमाचं. बौद्धवाड्यातला, सातवी शिकलेला, बोलायला कमी. त्याचा थोरला भाऊ ग्यानोबा बहात्तर साली दुसऱ्या एका गावात पेवात उतरला होता. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात खराब हवा साठते, म्हणून आधी दोरीला दिवा बांधून सोडायचा असतो. दिवा जळत राहिला तर माणसाने उतरावं, विझला तर नाही. ग्यानोबाच्या वेळी मालकाला घाई होती. तो वर आला तो मेलेलाच. तेव्हापासून भीमा दिवा सोडल्याशिवाय कुठल्याही पेवात पाय घालत नसे, मग मालक कुणी का असेना.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी गाव जमलं, पोलीस पाटील आला. भीमाने फरशी सरकवली, तोंड थोडा वेळ उघडं ठेवलं, कमरेला दोर बांधला आणि चिमणी पेटवली. रॉकेलची पत्र्याची साधी चिमणी, वर काच नाही, उघडी वात. ती त्याने सुतळीला बांधली.

"दिवा सोडू नगा," काका म्हणाले.

भीमा थांबला. "का, अप्पा?"

"हवा चांगली हाय. मी हमेशा उतरतो."

"हमेशा उतरताव?" किशनराव लोकांकडे वळला. "ऐकलं का? काल म्हनले पेव रिकामं हाय. मंग उतरून काय करताव, अप्पा? ज्वारीला जोजवताव?"

लोक हसले. काकांच्या कपाळावरची विभूती घामाने ओघळायला लागली. मी त्यांच्या शेजारीच होतो. घामाकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माळवदाच्या खोलीची कुलपं त्या हुकमानंतर केव्हाच निघाली होती. म्हणजे बंदूक या पेवात होती. मडकीही आत होती. आणि मडकी असतील तिथेच ती वात उतरणार होती, वाळलेल्या कडब्यावर. तोंडाशी वाकून बघणार होता भीमा.

मी काकांचा दंड धरला. "सांगा," म्हटलं, "आत्ता सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पोलीस पाटलाकडे. "मी उतरतो," ते म्हणाले. "दिव्याबिगर. माझं पेव हाय, मीच उतरतो."

"न्हाई," भीमा म्हणाला. "दिवा गेल्याबिगर कुणीबी उतरणार न्हाई. तुमचाबी जीवच हाय, अप्पा." आणि त्याने चिमणी पेवात सोडली.

हातभर गेली, दोन हात गेली. भीमा गुडघ्यांवर बसून तोंडाशी वाकला होता, वात दिसावी म्हणून डोकं जवळजवळ आत घातलेलं. मी तोंड उघडलं, पण काका माझ्याआधी हलले. साठी उलटलेला माणूस कसा काय झेपावला कोण जाणे. पालथे पडले, सुतळी खेचली आणि वर आलेली पेटती चिमणी उजव्या मुठीत दाबली. तेल हातावर सांडलं, भडका उडाला. त्यांनी मूठ सोडली नाही. मी पंचा टाकून आग विझवली तेव्हा हाताची कातडी सुटली होती.

"खाली बंदुकीची दारू हाय," काका म्हणाले. "बंदूक हाय, काडतुसं हायत. समदं माझं हाय."

गंमत बघा. आयुष्यभर लपवलेली गोष्ट माणसाने चारचौघांत सांगितली, आणि कुणी विश्वास ठेवीना! मग किशनरावच म्हणाला, "वाण्याच्या घरी बंदूक? आता म्हणताल तोफबी हाय. ज्वारी वाचवाय काय काय सोंगं करताव, अप्पा!" मागून कुणीतरी टाळी दिली. मला इतका संताप आला की तिकिटाची पेटी हातात असती तर किशनरावच्या डोक्यात घातली असती.

भीमा हसला नाही. तो काकांच्या हाताकडे बघत होता. सुटलेल्या कातडीकडे, काळ्या पडलेल्या बोटांकडे. मग म्हणाला, "सरपंच, ज्वारीसाठी कुणी हात जाळून घेत न्हाई."

मग त्याने आपली कोंबडी मागवली. दिव्याऐवजी तिला बादलीत बसवून आत सोडायचं ठरलं. एवढा हात जळला तरी ओठ न उघडणारे काका म्हणाले, "भीमा, मेली तर पाप लागंल." ती मेली नाही. बादली वर आली तेव्हा तिने सगळ्या गावाच्या नावाने ओरडून घेतलं. भीमा बॅटरी घेऊन उतरला. गोणपाटातली बंदूक वर आली. डबे आले, एकेकात रांगेने रचलेली काडतुसं. मडकी आली, फडक्याने तोंड बांधलेली. पोलीस पाटलाने एकाचं फडकं सोडून वास घेतला, काळे दाणे चिमटीत धरले, आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. तेव्हा कुठे लोकांना घाम फुटला. ज्वारीचा दाणाही निघाला नाही. तरी किशनराव स्वतः उतरला आणि तळाला पहार आपटून बघितली, खाली दुसरं पेव असलं तर!

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. काकांवर खटला झाला, दोन वर्षं चालला, आणि शेवटी वय बघून, वस्तूंचं जुनेपण बघून दंडावर सुटले. वस्तू परत मिळाल्या नाहीत. उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. आणि गावात अजून असे लोक आहेत जे म्हणतात, बंदूक दाखवली ती दाखवायला, ज्वारी दुसऱ्याच पेवात होती.

त्या दुपारी औशाहून जीप आली. काकांच्या हाताला आम्ही खोबरेल लावून स्वच्छ फडकं बांधलं होतं. ते ओसरीवर बसून होते. फौजदाराने पंचनामा लिहायला घेतला. तरणा, नव्या जिल्ह्यात नवा आलेला, पण रीतभात असलेला. बंदूक एक, काडतुसं इतकी, मडकी इतकी. शिपाई काडतुसांचे डबे पोत्यात ओतायला लागला तेव्हा काका म्हणाले, "हळू. घासतील."

एक पंच किशनराव, त्याने सही केली. दुसरा भीमा. फौजदाराने शाईचा डबा पुढे सरकवला.

"अंगठा नगं. सही येती मला," भीमा म्हणाला. "आधी वाचतो."

त्याने कागद हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचला. मग परत दिला. "ह्याच्यात ऱ्हायलंय."

"काय राहिलं?"

"अप्पानं जळता दिवा मुठीत धरला. मी वर वाकलो हुतो. ते न्हाई लिवलं."

फौजदार म्हणाला, "अहो, हा जप्तीचा पंचनामा आहे. काय माल सापडला ते लिहायचं असतं. हे यात बसत नाही."

"बसवा की सायेब. येवढी बंदूक बसली, एक हात बसंना व्हय?"

किशनराव म्हणाला, सही कर भीमा, वेळ होतोय. भीमाने मान हलवली नाही. "मी आत उतरलो, मी माल वर काढला, मी पंच. जे झालं ते समदं लिवा, न्हाईतर माझी सही न्हाई." आवाज चढवला नाही. पण मी कितीतरी भांडकुदळ प्रवासी पाहिलेत, आणि कोण हलणार नाही हे मला चेहऱ्यावरून कळतं.

फौजदाराने त्याच्याकडे बघितलं, मग ओसरीवरच्या काकांकडे. पेन उघडलं आणि खाली दोन ओळी वाढवल्या. भीमाने कागद पुन्हा घेतला, पुन्हा बोट ठेवून वाचला, आणि मधेच थांबला.

"डावा लिवलंय, सायेब. उजवा हात. मोडीचा तराजू धरायचा हात हाय त्यो."

फौजदाराने खोडून उजवा केलं. भीमाने सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. बंदूक जीपमध्ये चढवली तेव्हा काकांनी तिकडे मान वळवली नव्हती. ते भीमाच्या सहीकडे बघत होते, आणि बघता बघता लहान पोरासारखे हमसून रडायला लागले. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात उचलला, तो चालेना, म्हणून भीमानेच आपल्या खांद्यावरच्या टॉवेलने त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांना धरून जीपपर्यंत नेलं.